वाट्याचे गोल

१९ नोव्हेंबर. आज आमच्या भागात नळाला पाणी आलं, म्हणून सगळ्या जर्सी आजच धुवून काढल्या. सामना उद्या सकाळी आहे, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. जर्सी मी मशीनला लावत नाही, पाठीवरचे नंबर सोलून निघतात. बादलीत भिजवायच्या, गळे आणि बगला साबणानं घासायच्या आणि गच्चीवर उलट्या करून वाळत घालायच्या. मी कॉलेजात भूगोल शिकवते. पण मुलींच्या फुटबॉल संघाबरोबर एक बाई लागते असा नियम आहे आणि गेली कित्येक वर्षं ती बाई मी आहे.

शेवटची जर्सी पिळत असताना सानियाचा फोन आला. ती यंदाची कप्तान.

"मॅडम, उद्या तीनच ना?"

"सकाळी सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला.

प्रश्न साधा आहे. साखळीतला आमचा उद्या शेवटचा सामना. समोर सोयगावकडच्या एका कॉलेजचा संघ, यंदा पहिल्यांदाच उतरलेला आणि आतापर्यंत सगळे सामने हरलेला. पुढच्या फेरीत जायचं तर आम्हाला सहा गोलांनी जिंकायला हवं. आणि आमच्या संघात रीत आहे की समोरचा संघ दुबळा असला तर तीन गोल करायचे आणि थांबायचं.

मुलींना या रीतीचा फार अभिमान आहे. नवी मुलगी आली की जुन्या तिला ऐकवतात, "आपल्यात तीननंतर नाही." ज्या सरांनी ही रीत घातली त्यांच्या गोष्टीही सांगतात, निम्म्या खऱ्या, निम्म्या रचलेल्या. त्या रीतीचं पुढं काय झालं हे मात्र त्यांना माहीत नाही. ते माहीत असलेली कॉलेजात आता मी एकटीच उरले आहे. मुलींनी अभिमानानं सांगावं आणि मी शेजारी उभं राहून पाण्याच्या बाटल्या भराव्यात, असं चाललंय. दरवेळी कान गरम होतात. दरवेळी मी बाटल्याच भरते.

सर आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक होते. शहरातल्या छावणी भागात वाढलेले. उंच, वाळके, मान जराशी पुढं काढून चालणारे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. कोणत्या वाक्याला कोणती भाषा लावायची हे तोंड उघडेपर्यंत त्यांनाही ठाऊक नसावं. सामन्याच्या दिवशी ते टाय बांधत. ट्रॅकपँटवर, टीशर्टवर, मरून रंगाचा टाय. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, कुठल्या लग्नाहून आलेत. विचारलं तर म्हणाले, "मेहमान आते ना मॅडम मैदान पे. किसी ने तो ढंग का दिखना."

पहिल्याच दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "सर, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. बाई लागते म्हणून मला पाठवलंय."

"अच्छा है," ते म्हणाले. "कळणारे लई आहेत. तुम्ही पाणी सांभाळा आन् सेफ्टी पिना."

मैदानाचं त्यांनी शहर केलं होतं. मधलं वर्तुळ म्हणजे क्रांती चौक. उजवी कड जालना रोड, डावी कड पैठण रोड. समोरच्या गोलपुढचा चौकोन म्हणजे हर्सूल, कारण हर्सूलला जेल आहे. "एक बार अंदर गये तो खाली हाथ नै निकलना," एवढाच त्यांचा डावपेच. आपला गोल म्हणजे घर. सामना सुरू झाला की ते कडेनं पळत ओरडायचे, "अरे जालना रोड खाली है! चौकात गर्दी कायकू करते?" बीडहून, परभणीहून आलेल्या मुली एकमेकींकडं बघत राहायच्या.

मला हे खटकायचं. एकदा मी म्हटलं, "सर, जालना रोड पूर्वेला जातो. तुमचा दक्षिणेला चाललाय."

"चलता है."

"आणि हाफटाइमनंतर बाजू बदलतात. मग?"

त्यांनी मनापासून विचार केला. "हाफटाइम के बाद शहर पलटता, मॅडम. उसमें क्या है."

सराव ठरवायचीही त्यांची एक पद्धत होती. कोणत्या मुलीच्या गल्लीत पाणी कधी येतं हे त्यांना तोंडपाठ असायचं. आमच्या शहरात नळ आला की घरातली माणसं घर सोडत नाहीत आणि भरायचं काम बहुतेक मुलींवरच असतं. सकाळी मैदानावर आले की सर आभाळाकडं न बघता सांगायचे, "आज सिडकोला पाणी आहे. डिफेन्स येणार नाही. फॉरवर्ड लोक, तुमचं तुम्ही खेळा." एका सामन्याच्या सकाळी गोलकीपर वैशालीकडं अचानक पाणी आलं. सर स्वतः मोपेडवर तिच्या घरी गेले, तिला मैदानावर पाठवून दिलं आणि तिच्या आईबरोबर पिंप भरत बसले. हाफटाइमला आले तेव्हा टाय ओला होता. "पाणी भर गया," त्यांनी वैशालीला गोलमागून ओरडून सांगितलं. "अब घर संभाल." कुठलं घर, हे तिला कळलं.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच. ते खेळाडूवर कधीही रागवायचे नाहीत. चेंडूवर रागवायचे. एखादीनं फुकटचा पास घालवला की सर खेळ थांबवून चेंडू उचलायचे, दोन्ही हातांनी तोंडासमोर धरायचे आणि विचारायचे, "शरम नै आती? वो तेरेकू इधर बुलाती और तू उधर जाता? घर में कोई सिखाया नै?" मुली हसून लोळायच्या. जिची चूक असायची तीही हसायची, आणि पुढचा पास नीट द्यायची. फारच मोठी चूक झाली तर तो चेंडू दिवसभर शिक्षा म्हणून स्टाफरूमच्या खिडकीत बसायचा. एकदा प्राचार्यांनी विचारलं, "हा इथं काय करतोय?" सर म्हणाले, "सोचता है, सर." मी वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. त्यांच्याबरोबरच्या दिवसांत माझी बरीच वर्तमानपत्रं अशी वाचून झाली.

सगळ्यात जास्त लाज आणली ती लेगिन्सनी. आरती म्हणून आमची फॉरवर्ड होती, शेंद्र्याची. वडील तिथल्याच एका कारखान्यात. ते एके दिवशी मैदानावर आले आणि म्हणाले, पोरगी खेळू द्या, पण उघड्या पायांनी नको. सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी आरती चड्डीखाली काळ्या लेगिन्स घालून आली, आणि सरही. हाफपँटखाली काळ्या, घट्ट लेगिन्स, नातीच्या वयाच्या मुली समोर, निवृत्तीला आलेला माणूस. आठवड्याभरात निम्मा संघ लेगिन्समध्ये आला आणि आरतीकडं कुणी वळून बघेनासं झालं. पण सरांनी त्या पूर्ण हंगाम सोडल्या नाहीत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या उद्घाटनाला पाहुण्यांशी हस्तांदोलन करतानाही त्यांच्या अंगावर त्या होत्या, आणि वर टाय. दुसऱ्या कॉलेजच्या एक बाई मला हळूच म्हणाल्या, "हे तुमचेच का?" मी म्हटलं, "बसवाल्यांबरोबर असतील."

तीनच्या रीतीमागं त्यांचा थोरला भाऊ होता. तो छावणीतल्या पोरांच्या संघाचा गोलकीपर. एकदा मोठ्या पोरांच्या संघानं त्यांना पंधरा-सोळा गोल घातले. शेवटचे गोल तर त्यांनी पाठमोरं होऊन टाचेनं मारले. भाऊ पुन्हा मैदानावर गेला नाही. बूट कुणाला तरी देऊन टाकले. पुढं नोकरीला लागला, लग्न झालं, तरी बाजारात जाताना मैदानावरून जायचा नाही, मागच्या गल्लीनं वळसा घालून जायचा. "भाजी का थैला लेके," सर सांगत, "इतना लंबा चक्कर." म्हणून तीन. समोरचा संघ कच्चा असला आणि तीन गोल झाले की सर टाय सोडून खिशात घालायचे. ती खूण. त्यानंतर आमच्या मुलींनी फक्त डाव्या पायानं खेळायचं, आपसात पास द्यायचे, हर्सूलमध्ये शिरायचं नाही. "जीतना अलग, शरम खिलाना अलग," ते म्हणत. "सामने वाले ने मुंडी उठाके घर जाना."

मला हे पटलं होतं. त्यांच्या टायची, चेंडूची, लेगिन्सची लाज वाटायची, पण ही एक गोष्ट मी घरी जेवताना कौतुकानं सांगायची.

त्यांचं निवृत्तीचं वर्ष आलं. शहराचं नाव आणि पाट्या बदलायच्या आधीची गोष्ट. मुलींचा आमचा संघ सरांच्या सगळ्या नोकरीत एकदाही साखळीच्या पुढं गेला नव्हता आणि त्या वर्षी प्रथमच जाईल असं दिसत होतं. आरती भरात होती, वैशाली कुणाला आत येऊ देत नव्हती. शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजशी आमची बरोबरी झाली, बाकी आम्हीही जिंकलो आणि तेही जिंकले. दोघांचाही एकेक सामना उरला, तोही एकाच संघाशी, फर्दापूरकडच्या एका लहान कॉलेजशी. आधी आमचा, मग त्यांचा. म्हणजे गोष्ट गोलफरकावर येणार हे मलासुद्धा कळत होतं.

"सर, या सामन्यात गोल लागतील," मी आदल्या दिवशी म्हटलं.

"लगेंगे."

"तीननं भागणार नाही."

ते चेंडूत हवा भरत होते. पंप थांबवून माझ्याकडं बघितलं. "मॅडम, आखरी साल में बेशरम होऊ का?"

सरांना पुढं जायचं होतं. किती जायचं होतं ते मी पाहत होते. त्यांनी पुढच्या फेरीच्या मुक्कामासाठी संघाच्या सतरंज्यासुद्धा उन्हात घालून ठेवल्या होत्या. तरी ते असं म्हणाले, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

फर्दापूरकडच्या मुली टेंपोतून आल्या. सात जणी. सात असल्या तर नियमाप्रमाणे सामना होतो.

"बाकीच्या?" सरांनी विचारलं.

"कापसाला गेल्या," त्यांची कप्तान म्हणाली. बुटकी, रुंद खांद्यांची, कपाळाला पांढरा रुमाल बांधलेली. "मजूर मिळंना. आमी बी उद्या जाणारंय." जर्सी कबड्डीच्या संघाच्या होत्या. दोघींच्या पायात बूट नव्हते, मोज्यांवर खेळत होत्या.

हाफटाइमच्या बऱ्याच आधी आरतीनं तीन गोल केले. सरांनी टाय सोडला, घडी केली, खिशात ठेवला.

मग आमच्या मुलींनी रीत पाळली. सराव चांगला झाला होता. चेंडू पैठण रोडनं वर जायचा, चौकात यायचा, घरी परत जायचा, वैशालीकडून पुन्हा चौकात. डावा पाय, डावा पाय. त्या सात जणी चेंडूमागं धावत राहिल्या आणि चेंडू कुणाच्याच पायाला लागेना. कडेला आमच्या कॉलेजची मुलं बसली होती. त्यांनी पास मोजायला सुरुवात केली. मोठ्यानं, एका सुरात. आकडा वाढला की शिट्ट्या. सरांना ते ऐकू येत नव्हतं असं नाही, त्यांना ते कौतुक वाटलं. "शाब्बास, आराम से," ते म्हणत होते. चेहरा असा, जणू पाहुण्यांना ताक वाढतायत.

मीही तशीच बसले होते. उत्तरार्धात एकदा त्यांची कप्तान पळता पळता थांबली. कमरेवर हात ठेवून मैदानाच्या मधोमध उभी राहिली. चेंडू तिच्या बाजूनं गेला तरी वळली नाही. आमच्या बाकाकडं बघत राहिली. मी तिला हसून हात केला. धीर द्यावा तसा. तो हात अजून मला माझ्या खांद्याला लागून असलेला जाणवतो. कापून टाकता आला तर बरं.

सामना तीन-शून्य संपला. सर नेहमीप्रमाणे केळ्यांची फणी घेऊन त्यांच्याकडं गेले. हरलेल्या संघाला केळी आमच्याकडून, हीसुद्धा रीतच.

"बहुत अच्छे बेटा," ते म्हणाले. "सात जणी असून तुम्ही—"

"आमी कुठं खेळलो?" कप्तान म्हणाली. "तुमी खेळू दिलं कुठं?"

सरांचा हात पुढंच राहिला.

"तीन झाले आन् तुमी थांबवलं. टाय काढला तुमी. मला कळत नाय व्हय?"

"बेटा, तुमकू शरम नै आना इसलिए—"

"लोक मोजत होते सर." तिचा आवाज चढला नव्हता. "आमी मागं मागं पळायलो आन् लोक मोजायलेत. दहा झाले असते तर घरी जाऊन सांगितलं असतं, दहा झाले. सात जणी होतो, दहा खाल्ले. आता काय सांगू? तीनच झाले म्हणू? ते खोटं हाय."

सरांनी केळी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कान धरले. सगळ्यांसमोर. आमच्या मुली, ती मोजणारी पोरं, पंच, टेंपोवाला. मला वाटलं, आता तरी ती पोरगी विरघळेल.

"कान कशाला धरता?" ती म्हणाली. "आमच्या वाट्याचे गोल आमी खाल्ले असते. ताटातलं काढून घेणारे तुमी कोण?"

तिच्यामागच्या एकीनं केळ्याला हात लावला होता. "ठेव ते," कप्तान न वळता म्हणाली. तिनं ठेवलं. टेंपो गेला तेव्हा केळ्यांची फणी तिथंच गवतात होती आणि ती उचलायला कुणी पुढं होईना. शेवटी मीच उचलली.

दोन दिवसांनी फर्दापूरच्या मुलींचा त्या दुसऱ्या कॉलेजशी सामना झाला. मी बघायला गेले. का गेले, ते सांगता येत नाही. त्यांनी अकरा गोल खाल्ले. प्रत्येक गोल झाला की ती कप्तान जाळ्यातून चेंडू उचलायची आणि पळत मधल्या वर्तुळात नेऊन ठेवायची, जणू उशीर होतोय. अकराव्यानंतरसुद्धा. शेवटी शेवटी तिनं लांबून एक फटका मारला, तो खांबाला लागून बाहेर गेला, तर सातही जणींनी डोक्याला हात लावले. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र उभे राहून फोटो काढत होते आणि ती हसत होती. गोलच्या मागं, बाभळीखाली, सर उभे होते. एकटे. टाय नव्हता. आम्ही एकमेकांना पाहिलं आणि दोघंही दोन वाटांनी निघून गेलो.

गोलफरकावर तो दुसरा संघ पुढं गेला. प्राचार्यांनी विचारलं, "फक्त तीन? सात मुलींना?" सर म्हणाले, "हौ, सर." सतरंज्या त्यांनी स्वतःच घडी करून कपाटात ठेवल्या. आरती त्यांच्याशी महिनाभर धड बोलली नाही. तिनं मला एकदाच विचारलं, "मॅडम, डाव्या पायानं खेळणं म्हणजे चांगलं वागणं असतं का?" मी म्हटलं, परीक्षा जवळ आली आहे, अभ्यासाचं बघ.

त्यानंतरच्या सरावात कुणीतरी चेंडू भलतीकडंच मारला. सरांनी खेळ थांबवला, चेंडू उचलला, तोंडासमोर धरला. मुली हसायच्या तयारीत. सरांनी चेंडू खाली ठेवला. "इसका क्या कसूर," म्हणाले. पुढं मे महिन्यात ते निवृत्त होईपर्यंत स्टाफरूमची खिडकी मोकळीच राहिली.

निरोपाच्या कार्यक्रमात मुलींनी भाषण केलं. त्यात तीनची रीत आली, "सरांनी आम्हाला जिंकतानाही माणूस राहायला शिकवलं" असं वाक्य आलं, टाळ्या पडल्या. सर खुर्चीत मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, नम्रता. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मीही टाळ्या वाजवल्या. नाही वाजवल्या तर विचारतील ना, का म्हणून.

तिथून ती रीत पुढं चालत आली. ज्यांनी तो दिवस पाहिला त्या पास होऊन गेल्या, त्यांनी जाताना पुढच्यांना वाक्य तेवढं दिलं. खरं तर इतकी वर्षं प्रश्नही आला नाही. आम्ही कुणाला तीन गोल घालण्याइतके बरे खेळलोच नाही. यंदा खेळतोय.

जर्सी वाळत घालून झाल्यावर संध्याकाळी मी सरांना फोन केला. ते आता पडेगावला लेकाकडं असतात.

"पाणी आया क्या?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"आलं. सर, एक विचारायचं होतं." मी सगळं सांगितलं. सोयगावचा संघ, सहा गोल, सानियाचा फोन.

पलीकडं बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. तेही भरतच होते.

"वो लोगां अब भी तीन पे रुकते?" त्यांनी विचारलं.

"रुकतील, म्हटलं तर."

"तुम्ही बोले नै उनकू? वो बच्ची का?"

"नाही, सर."

त्यांनी मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नळ बंद केल्याचा आवाज आला.

"मेरेकू कायकू पूछते," ते म्हणाले. "खेलने वालों कू पूछो ना. मैं नै पूछा था, मॅडम. इतने साल, एक बार बी नै." मग आवाज बदलून म्हणाले, "जर्सी उलटी सुखाये ना? नंबर निकल जाते."

उलट्याच घातल्यात, म्हटलं.

२० नोव्हेंबर. सकाळी जर्सी काढल्या, घड्या केल्या आणि मैदानावर लवकर गेले. सोयगावचा संघ आलेला होता, अकरा जणी आणि एक जादा. बरोबरच्या बाई चहा बघायला गेल्या होत्या. कप्तान दुसरीची वेणी घालत होती. मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. असल्या गोष्टी फिरवून सांगायला मला येत नाही.

"आम्हाला आज जास्त गोल हवे आहेत," मी म्हटलं. "पुढं जायचं असेल तर सहा. आमच्यात तीननंतर थांबायची पद्धत आहे. तुम्हाला काय हवंय?"

तिच्या तोंडात रबर होतं. ते काढून तिनं वेणीला लावलं. "म्हंजे?"

"थांबायचं की पूर्ण खेळायचं?"

तिनं मैत्रिणींकडं बघितलं. "मॅडम, हे इचारायला आल्या तुमी?"

"हो."

"आन् आमी तुमच्यावर तीन चढवले तर?" मागून एक जण म्हणाली. "मंग आमी थांबायचं का?"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले असेन. "नाही," म्हटलं.

"झालं मंग," कप्तान म्हणाली आणि दुसऱ्या वेणीला लागली.

परत येऊन मी आमच्या मुलींना रिंगण करून बसवलं. जर्सी वाटता वाटता त्यांना फर्दापूरच्या मुलीची गोष्ट सांगितली. पास मोजणाऱ्या पोरांपासून गवतातल्या केळ्यांपर्यंत. सरांनी कान धरले ते सांगितलं. मी हात केला होता तेही सांगितलं. सानियानं जर्सी डोक्यातून घातली आणि गळ्यातून तोंड बाहेर काढून म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलं, मॅडम?" मी तिला सेफ्टी पिना दिल्या.

शिट्टी झाली. आमच्या मुली अजून ती गोष्ट डोक्यात घेऊन चौकात घुटमळत होत्या, तेवढ्यात त्यांची ती वेण्या घालणारी कप्तान आमच्या उजव्या कडेनं मोकळी सुटली आणि पहिला गोल झाला. आमच्यावर.

त्या सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडून ओरडत होत्या. सवयीनं माझे हात टाळीसाठी वर आले. मी ते खाली घेतले, बाकावरून उठले, अगदी रेषेपर्यंत गेले आणि आमच्या डिफेन्सवर ओरडले, "जालना रोड कुणाचा आहे? कोण अडवणार त्यांना?"